तिकीट लावलेली मस्करी

आमच्या घरात खरं काय आणि मस्करी काय हे ओळखायचं काम आईकडे होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून बोलायचे आणि आई आत चुलीपाशी बसून त्यातलं निवडायची, तांदळातले खडे निवडावेत तसं. "पावण्यांक कोंबडो कापतंय" असं अण्णांनी ओरडून सांगितलं तर ती जागची हलायची नाही. तेच वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं की मात्र उठून पाट्यावर मसाल्याचं वाटप घ्यायची. एकदा अण्णांनी पोस्टमनला सांगितलं, विम्याच्या माणसाचं पत्र आलं तर वर 'मालक वारले' असं लिहून परत पाठव. पोस्टमनने खरंच पाठवलं. पंधरा दिवसांनी विम्याचा माणूस झेंडूचा हार घेऊन आला आणि अण्णांनी स्वतःच्या हाताने त्याला चहा दिला. हा किस्सा आमच्या गावात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे सांगितला जाई. कणकवलीहून एसटीने पाऊण तासावर असलेल्या त्या गावात करमणूक म्हणजे दशावतार आणि अण्णा, आणि दशावतार वर्षातून एकदाच यायचा.

आमचं पोट भातावर चालायचं, पण घर उभं होतं ते व्हाळावरच्या बागेवर. ओढ्याच्या वरच्या अंगाला आजोबांनी लावलेली हापूसची बारा कलमं. माझी शाळेची फी, आईची दोन लुगडी, कौलं शाकारणं, सगळं त्या बारा झाडांवर लटकलेलं असायचं. ओढ्याच्या पलीकडे घाडी मास्तरांचं घर. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी मराठी व्याकरण शिकवलं होतं आणि त्या तीस वर्षांत त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. रागीट नव्हते ते. विनोद सांगितला तर शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारीत, "मग पुढे काय झालं?" त्यांना एकच नाद होता, भजनाचा. त्यांचा आवाज कसा होता हे शब्दांत सांगणं कठीण आहे. त्यांनी वर चढवायला घेतलं की पेटीवाला सूर शोधत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि मग हात मांडीवर ठेवून वाट बघायचा. वयाचा आणि शिक्षकपणाचा मान म्हणून त्यांना कोणी काही बोलत नसे.

चतुर्थीच्या दिवसांत आमच्याकडे भजनी मंडळ दुपारी यायचं. त्या वर्षीही आलं. मी मॅट्रिक पास होऊन घरीच बसले होते आणि आत आईबरोबर आंबोळ्या घालत होते. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास घरभर होता. मास्तरांनी नुकतंच गाऊन संपवलं होतं. आमच्या गाईने दावं तोडलं होतं, ते बहुधा माश्यांमुळे असावं. अण्णांनी मात्र ते मास्तरांच्या नावावर घातलं. सगळे हसले. त्या हसण्याने अण्णांना चेव आला.

"मास्तरानु," ते म्हणाले, "आजपासून फुडच्या चवतीपर्यंत तुमी भजनात तोंड उघडूचा नाय. नाय उघडलात तर व्हाळावरची बाग तुमका दिलंय!"

मास्तरांनी टाळ खाली ठेवले. "खरंच का?" त्यांनी विचारलं.

"खराच म्हंजे? लिवन दितंय!"

आणि त्यांनी लिहून दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला, शेवटी 'मी पूर्ण शुद्धीत आहे' अशी ओळ घातली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण अण्णांना मस्करी अर्धवट सोडवत नसे. दुधाच्या सोसायटीसाठी आणलेलं एक रेव्हेन्यू तिकीट कपाटात होतं, ते जिभेला लावून त्यांनी कागदावर चिकटवलं आणि त्यावर आडवी सही ठोकली. साक्षीदार म्हणून त्यांचे लंगोटीमित्र बाबलकाका यांची सही घेतली. लोक हसून लोळत होते. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, एका ऱ्हस्व-दीर्घाकडे अण्णांचं लक्ष वेधलं, घडी घालून खिशात ठेवला आणि नमस्कार करून गेले.

मास्तर पायऱ्या उतरत होते तेवढ्यात अण्णांचा पुढचा आवाज आला, त्याच पट्टीत, तेवढ्याच मोठ्याने. "आनी आज दितंयच आसंय, तर बाबल्या, माझा चेडूय तुझ्या घराक दिलंय!"

चेडू म्हणजे मुलगी, आणि ती मी. मी तव्यावरची आंबोळी उलटायची विसरले. आईकडे पाहिलं. वर्षानुवर्षं खडे निवडणारी माझी आई त्या क्षणी गोंधळलेली होती. आवाज तर मोठा होता, म्हणजे मस्करी. पण आठ दिवसांनी बाबलकाका साडी, नारळ आणि पाच किलो साखर घेऊन आले, अण्णांनी ती ठेवून घेतली, आणि ती मस्करी नव्हती असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. मला कोणी विचारलं नाही एवढं नक्की. बाबलकाकांच्या मुलाचं, सुधाकरचं, इन्सुलीला हायवेवर चेकपोस्टजवळ हॉटेल होतं. मुलगा वाईट नव्हता. आमचं बोलणं एकदाच झालं, आणि त्यात त्याने मला भजी तळता येतात का एवढंच विचारलं. मला कणकवलीला जाऊन टायपिंग आणि लघुलेखन शिकायचं होतं. हे मी आईला सांगितलं, आईने अण्णांना सांगितलं, आणि अण्णा म्हणाले, "शिकांदे की! भजयेची ऑर्डर टाईप करून देयत."

इकडे मास्तर गप्प झाले. पुढच्या एकादशीला ते भजनाला आले, पण नुसते टाळ घेऊन बसले. लोकांना वाटलं घसा धरलाय. मग दत्तजयंती झाली, शिमगा झाला. मास्तर येत, टाळ वाजवत, चहा पिऊन घरी जात. भजन ऐकण्यासारखं होऊ लागलं. त्याचं सारं श्रेय अण्णा घेत आणि दर वेळी सगळ्यांसमोर ओरडत, "चालू ठेवा, मास्तरानु! बाग तुमची!" या एका वाक्याने पुढे त्यांना बुडवलं. मी मात्र त्या वर्षी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. सगळे वरच्या सुरात जायचे तेव्हा त्यांचा गळा हलायचा, आणि ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

पुढच्या चतुर्थीला, आरती झाल्यावर, मास्तर धुतलेला सदरा घालून आमच्या पडवीत आले. खिशातून कागद काढला. "वर्ष पूर्ण झालं," ते म्हणाले. "खरेदीखत कधी करू या?"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मास्तरांनी ठसका थांबेपर्यंत वाट पाहिली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. महिन्याभरात रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. ती आणणारा पोस्टमन तोच होता. "मालक वारले लिवून परत पाठवू?" त्याने विचारलं. त्या वेळी कोणी हसलं नाही.

आमचे वकील मुजावर. मूळचे रेडीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या सुक्या मासळीचा व्यापार, पण हे शिकून कणकवलीत औषधाच्या दुकानावर ऑफिस थाटून बसले होते. लिहितावाचता येतं म्हणून अण्णांनी मला सोबत नेलं होतं. वकिलांनी नकलेचा कागद वाचला, तिकिटाच्या जागेवर बोट ठेवून थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"मी मस्करी केलंय, वकीलसायब," अण्णा म्हणाले. "पोटात तसा काय नव्हतां."

"पोटात काय होतां ता कायदो बघणा नाय," वकील म्हणाले. "तो भायर उभो रवता आणि तोंडातसून काय इलां ता आयकता. तुमच्या पोटात मस्करी आसली तरी ती समोरच्याक दिसाक होयी."

"सगळ्यांक दिसली! सगळे हसले!"

"मास्तर हसले?"

अण्णांनी नकलेचा कागद आपल्याकडे ओढला.

"कधी हसलेले बघितलात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

अण्णांनी मग दुसरी वाट काढली. नोंदणी नाही, पैसे घेतले नाहीत, मग कसला व्यवहार? वकिलांनी समजावलं, की हे खरेदीखत नव्हे, खरेदीखत करून द्यायचं वचन आहे, त्याला नोंदणी लागत नाही. आणि मोबदला पैशातच असावा असं कुठे आहे? माणसाने आपल्या हक्काची एखादी गोष्ट तुमच्या सांगण्यावरून वर्षभर सोडली, तर तोही मोबदला. "कोणाक वायट गाणा गावचो हक्कय आसता, अण्णानु. तो तुमी इकत घेतलास." शेवटी बचाव एकच उरला. अण्णांच्या शब्दाला काडीची किंमत नाही, गावातलं शेंबडं पोरही तो खरा धरत नाही, हे कोर्टात सिद्ध करायचं. अण्णा आनंदाने घरी आले. आपल्या मस्कऱ्यांची यादी त्यांनी मला वहीत लिहायला लावली. छत्तीस झाल्या. आई आतून म्हणाली, "माझ्याशी लगीन केल्यात ती सदतीसावी लिव."

केस दोन वर्षं चालली. बाबलकाकांनी लग्न पुढे ढकललं. व्याह्याची बाग राहते की जाते ते कळल्याशिवाय मुहूर्त काढणं त्यांना प्रशस्त वाटेना. मी घरात बसून होते. कोणाचं घर माझं, हे एका कॅलेंडरच्या पानावर अडलं होतं.

पहिली साक्ष मास्तरांची झाली. कोर्टाच्या खोलीत पंखा करकरत होता आणि कोपऱ्यात एक बाई प्रत्येक वाक्य टाइप करत होती. माझं निम्मं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. मुजावर वकिलांनी मास्तरांना विचारलं, लोक हसत होते हे तुम्ही ऐकलंत ना?

"ऐकलं."

"मग ती थट्टा आहे असं वाटलं नाही?"

"मी विचारलं, 'खरंच का?' ते म्हणाले, 'खरंच', आणि सही केली. मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं. वाक्य विध्यर्थी असेल तर विध्यर्थी धरतो, भविष्यकाळी असेल तर भविष्यकाळी. हसत म्हटलेल्या वाक्याचा वेगळा काळ नसतो."

"एवढी हौस होती बागेची?"

मास्तरांनी सदऱ्याची बाही सरळ केली. मग म्हणाले, "बागेची हौस नव्हती. मी गातो ते बरं असतं अशी माझी समजूत होती. ते इतकं वाईट असतं की लोक ते थांबवायला बारा कलमं देतील, हे मला त्या दिवशी कागदावर मिळालं. मग मी म्हटलं, किंमत ठरलीच आहे, तर ती घ्यावी."

खोलीत कोणी हसलं नाही. अण्णा आपल्या चपलांकडे बघत होते. त्या दिवसापर्यंत मला मास्तरांचा रागच होता. त्या दिवसानंतर तो कुठे ठेवावा हे कळेना.

मग मास्तरांच्या बाजूने साक्षीदार म्हणून बाबलकाकांना उभं केलं, कागदावरची सही त्यांची होती म्हणून. सही त्यांनी कबूल केली. आमच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, की प्रतिवादी कधी खरं बोलतात का. बाबलकाका खुलले. "साहेब, लहानपणापासून ओळखतो. याचा एकही शब्द मी कधी खरा धरला नाही, म्हणूनच मैत्री टिकली." न्यायाधीशसुद्धा गालात हसले. अण्णांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

शेवटी अण्णा पिंजऱ्यात गेले. मास्तरांचे वकील सावंतवाडीचे, तरुण, आवाज मऊ. त्यांनी बागेचा विषयच काढला नाही.

"त्याच बैठकीत तुम्ही मुलीची सोयरीक जाहीर केलीत?"

"होय."

"कागदावर सही केल्यावर किती वेळाने?"

"लगेच."

"आवाज वेगळा होता?"

"आवाज माझोच होतो, सायब."

"हसत होतात?"

"होय."

"लोक हसले?"

"हसले."

"मग मुलीचा शब्द खरा आणि बागेचा खोटा, हे समोरच्या माणसाने कशावरून ओळखायचं?"

पंखा करकरत राहिला. अण्णांनी मुजावर वकिलांकडे पाहिलं, त्यांनी फाइलमध्ये डोकं घातलं. अण्णांनी बाकावर बसलेल्या बाबलकाकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.  

"ती पण मस्करीच, सायब," ते म्हणाले.

"साडी, नारळ, साखर ठेवून घेतलीत ती?"

"ता... मस्करी फुडे चालवलंय."

टायपिस्ट बाईंची बोटं टकटक चालली आणि वाक्य कागदावर उतरलं. बाबलकाका उठले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस साडी न्यायला आला. साखर संपली होती, म्हणून आईने तिच्या बदल्यात गूळ दिला.

पुढे मी स्वतः तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. हजारो माणसांचं बोलणं टिपलं. रडणं एकवेळ नोंदवतात, 'साक्षीदार भावनाविवश झाला' असं. पण हसत दिलेल्या उत्तरातलं हसू मी एकदाही टाइप केलं नाही. त्यासाठी यंत्रावर खूणच नव्हती. कागदावर सगळेच गंभीर असतात. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं, की माझं आख्खं आयुष्य एका प्रश्नोत्तरात या खान्यातून उचलून त्या खान्यात टाकलं गेलं, आणि तेही बारा झाडांसाठी. कोर्टाच्या पायऱ्यांवर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एसटीत खिडकीशी बसले, गाडी घाटीला लागली, वारा आला, आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं की आता मला भजी तळावी लागणार नाहीत. मी तोंडावर पदर धरून घरापर्यंत हसत राहिले. अण्णांना वाटलं मी रडतेय. त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

निकाल जूनमध्ये लागला. त्याच दिवशी टायपिंग आणि लघुलेखनाच्या वर्गाचे फॉर्म मिळणार होते, म्हणून मी अण्णांबरोबर कणकवलीला गेले. न्यायाधीशांनी निकालाचा मुख्य भाग वाचून दाखवला. प्रतिवादीच्या मनात काय होतं ते न्यायालय पाहू शकत नाही. त्याने काय म्हटलं, काय लिहिलं आणि कसं वागला, त्यावरून समजूतदार माणूस काय समजेल ते पाहायचं. वादीने विचारून खात्री केली होती. प्रतिवादीने तिकीट लावलं होतं. वर्षभर वादी आपला भाग पाळत असताना प्रतिवादीने थांबवलं नाही, उलट 'बाग तुमची' असं बजावलं. आणि जो माणूस स्वतःच्या मुलीची स्वीकारलेली सोयरीकही गरज पडताच थट्टा ठरवतो, त्याने 'मी थट्टा केली' असं सांगितलं तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाग मास्तरांच्या नावे करून द्यावी. थोडक्यात, बाग वाचवण्यासाठी अण्णांनी जे उत्तर दिलं होतं त्यानेच बाग गेली. मुजावर वकील अपिलाचं बोलू लागले. अण्णांनी हात जोडून त्यांना थांबवलं.

बाग गेली ती गेलीच. पुढच्या वैशाखात मास्तरांनी पहिल्या काढणीची एक टोपली स्वतः डोक्यावरून आणून आमच्या पडवीत ठेवली. आईने ती आत नेली आणि म्हणाली, "आता ह्या खरा की मस्करी, ता आंबो कापल्यार कळात." अण्णांनी त्या मोसमात आंबा तोंडात घातला नाही. पण हे सगळं नंतरचं.

निकालाच्या दिवशी दुपारी आम्ही एसटी डेपोसमोरच्या हॉटेलात बसलो. अण्णांनी दोन चहा आणि एक बटाटावडा सांगितला. वडा माझ्यापुढे सरकवला. फॉर्म मी पिशवीतच ठेवला होता. बराच वेळ धीर गोळा करून मी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी कोर्टात माझी सोयरीक मस्करी म्हणून सांगितलात. ता माझ्यासाठी की बागेसाठी?"

मला वाटलं आता काहीतरी येणार. वड्यावरून, सुधाकरवरून, नाहीतर न्यायाधीशांच्या चष्म्यावरून. ते बशीतल्या चहाकडे बघत होते.

"बागेसाठी," ते म्हणाले. "तुझो इचार तेव्हा मनात इलोच नाय. खोटा कित्याक बोलू?"

वाईट वाटलं. नाही असं नाही.  पण मोठ्या आवाजात नाही, हळू आवाजात बोलले होते ते, आणि वीस वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. मी पिशवीतून फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. सूचना वाचल्या, मागची बाजू वाचली, छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. एक कलम कळलं नाही म्हणून मला विचारलं. मग मलाच विचारलं, "तुका जावचा आसा मा? नक्की?" मी हो म्हटलं. पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी सही केली. तोवर चारची गाडी सुटून गेली होती. पुढची साडेपाचला. अण्णांनी आणखी दोन चहा सांगितले आणि आम्ही तिथेच बसून राहिलो. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला मात्र पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं.